जुनं पाणी

थोंग युएथाओ माशाकडे कधी समोरून बघत नसे. काचेसमोर माणूस उभं राहिलं की मासा पंख ताणतो, खायला मिळेल म्हणून पुढं येतो. आजारी मासासुद्धा तेवढ्यापुरतं सोंग वठवतो. म्हणून ती टाकीच्या बाजूला, भिंतीला खांदा टेकवून उभी राहायची, विजेरी तिरकी धरायची आणि मासा आपल्याला विसरेपर्यंत थांबायची. मग कल्ल्यांची उघडझाप मोजायची, मनातल्या मनात, ओठ न हलवता.

चांद्र वर्षाच्या सातव्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशी, मेलेले घरोघर जेवायला परततात तो भुतांचा महिना नुकताच लागला होता तेव्हा, ती कीलुंग बंदरामागच्या गल्लीत लीछिंगच्या दुकानात अशीच उभी होती. मासळीच्या गोळ्यांचं सूप विकणारं दुकान. जेवणाची वेळ, सगळी टेबलं भरलेली, पातेल्यांची वाफ काचेवर.

"मावशी, दहा मिनिटं झाली," लीछिंग डाव हलवत म्हणाली. "मासा आहे का देव आहे?"

"थांब जरा."

"गिऱ्हाइकं विचारतायत, हा मेला तर सुपात घालणार का म्हणून."

"घाल. पण मला वाढू नकोस."

मासा निळा होता, अंगावर काळी नक्षी, शेपटी पिवळी. डाव्या कुशीवर अकरा पांढरे ठिपके. कुणीतरी चिमूटभर मीठ टाकावं तसे. मधूनच तो तिरका होऊन दगडाला अंग घासायचा, खांबाला पाठ घासणाऱ्या म्हशीसारखा. कल्ले मिनिटाला शंभराच्या पुढं चालले होते.

युएथाओनं बाही वर केली. ओल्या फडक्यात मासा धरला, पातळ काचेची कड त्याच्या कुशीवरून डोक्याकडून शेपटीकडे एकदाच ओढली आणि मासा परत पाण्यात सोडला. सगळं मिळून दहा सेकंद. मायक्रोस्कोप तिनं दोन वाडग्यांच्या मधे टेबलावरच मांडला. भिंगाखाली एक गडद, दाणेदार गोळा स्वतःभोवती फिरत होता. कडेनं बारीक केस हलत होते. त्याला कसलीही घाई नव्हती. ते फिरणं तिच्या इतक्या वर्षांच्या ओळखीचं होतं की बघताच एखाद्या नकोशा नातेवाइकानं दार वाजवावं तसं तिला वाटलं.

"पांढऱ्या ठिपक्यांचा रोग," ती म्हणाली. "तीन-चार दिवसांत ठिपके गळतील. तेव्हा आनंद मानू नकोस. ठिपका म्हणजे कातडीत बसलेला किडा. पोट भरलं की तो उतरतो, तळाच्या दगडाला चिकटतो, तिथं एकाचे दोनशे होतात. ते अंधारात बाहेर पडतात आणि परत माशाला धरतात."

"म्हणजे भाडेकरू गेला म्हणून मी खूश होणार, आणि तो पोरंबाळं घेऊन परत येणार."

"तसंच. हा मासा आणला कुठून?"

"फंगच्या दुकानातून. तुम्ही टाकी भरून दिलीत, त्यानंतर चार दिवसांनी."

"मग झालं," युएथाओ म्हणाली. "फंगनं घाण विकली तुला."

वाक्य एवढंच होतं. पण युएथाओला हळू बोलता येत नसे. तरुणपणाची एकोणीस वर्षं तिनं कोळंबीची पिल्लं वाढवणाऱ्या हॅचरीत काढली होती, आणि तिथं पंपांच्या घरघरीवरून ओरडून बोलावं लागे. तो आवाज घशात कायमचा राहिला. दुकानातल्या प्रत्येक चमच्यानं ते वाक्य ऐकलं. संध्याकाळपर्यंत लीछिंगनं ते फोनवरच्या ग्रुपवर टाकलं. बंदरातल्या मासे पाळणाऱ्यांचा तो ग्रुप, दीडशेच्या वर माणसं. खाली एकानं लिहिलं, 'थाओ मावशीचा डोळा चुकत नाही.'

खरंही होतं ते. हॅचरीत ती पिल्लं मोजायला लागली होती आणि काही वर्षांत मायक्रोस्कोपवर बसली होती. मग एका वर्षी सगळ्या किनाऱ्यावर कोळंबी मेली, मालक तैपेईला पळाला, आणि तिच्या पगाराच्या बदल्यात तिला तो मायक्रोस्कोप मिळाला. तेवढ्या भांडवलावर ती लोकांच्या टाक्या बघायला लागली. आता सत्तावन्न वर्षांची होती. चौदा टाक्या, एक निळा छोटा ट्रक, गुडघ्यापर्यंतचे बूट. घरी एकही मासा नव्हता. कुणी विचारलं तर म्हणायची, दिवसभर दाढ्या करणारा न्हावी घरी जाऊन आणखी कुणाची करतो का?

तिनं लीछिंगच्या भटारखान्यात, तांदळाच्या पिंपाशेजारी, एक रिकामी टाकी मांडली. तळाला वाळू नाही, दगड नाही, लपायला फक्त नळीचे दोन तुकडे. वाळू आणि दगड तांबं पिऊन टाकतात, आणि उपचार पाण्यात तांब्याचं औषध घालण्याचा होता. थोडं कमी पडलं तर किडा मरत नाही, थोडं जास्त झालं तर मासा मरतो. त्या दोहोंच्या मधे एक अरुंद वाट, आणि तिच्यावर मासा तीस दिवस चालवायचा. रोज सकाळ-संध्याकाळ काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, निळसर रंग चढला की कागदावरच्या रंगाशी ताडून बघायचा. मोठी टाकी तोवर माशाविना ठेवायची. या रोजच्या मोजणीसाठी लीछिंगनं तिला मागच्या दाराची किल्ली देऊन ठेवली.

महिन्याच्या आठव्या दिवशी दाताच्या दवाखान्यातल्या माशांवर ठिपके उठले. दहाव्या दिवशी जहाज कंपनीच्या दलालाच्या कचेरीत. दोघांनीही मासे फंगकडून घेतले होते. युएथाओनं आता काही बोलायची गरजही उरली नव्हती, लोकच बोलत होते. फंग चिनश्वेईचं दुकान ओढ्यावरच्या पुलापाशी, वीस टाक्यांचं. एरवी शाळा सुटली की तिथं मुलांची नाकं काचेला चिकटलेली असायची. आता आया मुलांना पुलाच्या पलीकडच्या बाजूनं नेत होत्या, जणू ठिपके हवेतून उडून येतात.

अकराव्या दिवशी न्हाव्यानं बोलावलं. त्याचं दुकान डोंगराच्या पायऱ्यांवर. गिऱ्हाइकाच्या गालावर साबण तसाच ठेवून तो टाकीपाशी आला.

"बघा," तो म्हणाला.

दोन छोटे मासे, दोघांच्याही अंगावर मीठ.

"फंगकडनं कधी आणलेस?"

"फंगच्या दुकानात मी पाऊलसुद्धा टाकलं नाही. हे मी स्वतः खडकातनं पकडले. चार महिने बादलीत होते, ठणठणीत. तुम्ही टाकी भरून दिलीत आणि आठ दिवसांत ही दशा."

"समुद्रातूनच अंगावर घेऊन आले असतील," युएथाओ म्हणाली.

"चार महिने अंगावर घेऊन बसले, आणि टाकीत आल्यावर आठवण झाली त्यांना?"

खुर्चीतला साबणाचा माणूस हसला. युएथाओनं न्हाव्याला तांब्याचं सगळं समजावून सांगितलं आणि ती पायऱ्या उतरायला लागली. पायऱ्या ओल्या होत्या. घराघरांसमोर टेबलं मांडून लोकांनी भुतांसाठी जेवण ठेवलं होतं, भातात उदबत्त्या खोचल्या होत्या. विसाव्या पायरीवर तिला कळलं की आपण न्हाव्याला जे सांगितलं ते आपल्यालाच पटलेलं नाही. 

दुसऱ्या दिवशी फंग तिच्या दारात आला. पंचेचाळीसचा, खांदे पडलेला, हातांना कायम खाऱ्या पाण्याच्या भेगा. आत यायला तयार नव्हता.

"चहा घेत नाही, ताई. बसतही नाही. एकच विचारायचंय."

"विचार."

"नवा मासा पंधरा दिवस तांब्यात ठेवल्याशिवाय मी पुढच्या टाकीत घेत नाही. हे मला कुणी शिकवलं?"

"मी."

"मग माझ्याकडे या आणि कुठल्याही माशाची खरवड काढा. तुम्ही बोट दाखवाल तो. ठिपक्याचा किडा निघाला तर मी दुकान बंद करतो. नाही निघाला तर..." तो थांबला. "नाही निघाला तर तुम्ही सांगा काय करायचं."

"फंग, तुझ्याकडे रोज माल येतो. कधीतरी चुकून..."

"कधीतरी चुकून," तो मान हलवत म्हणाला. "बरोबर आहे. पण तुम्ही तसं म्हणाला नव्हतात."

ती त्याच्याबरोबर दुकानी गेली. वीसपैकी सहा टाक्यांचे दिवे त्यानं वीज वाचवायला बंद केले होते. तिनं मुद्दाम मलूल दिसणारे मासे निवडले. नऊ माशांची खरवड काढली. प्रत्येक वेळी फंग तसराळ्यात नवं पाणी ओतायचा, फडकं पिळून द्यायचा. भिंगाखाली खवल्यांचे तुकडे होते, शेवाळाचे धागे होते, एक हवेचा बुडबुडा होता. फिरणारं काही नव्हतं.

"आता लोकांना काय सांगाल?"

"अजून नक्की काही म्हणता येत नाही."

"लोकांना सांगितलंत तेव्हा नक्की होतं," फंग म्हणाला.

ती ट्रकमध्ये येऊन बसली, पण किल्ली फिरवली नाही. चौदा टाक्यांत चार आजारी. लीछिंगची जुनी टाकी गळायला लागली म्हणून नवी भरली होती. दवाखान्याची नवी. दलालाची नवी. न्हाव्याची नवी. भुतांच्या महिन्यात कुणी नवं काही सुरू करत नाही, म्हणून चौघांनी सहाव्या महिन्याच्या शेवटच्या दहा दिवसांत घाई केली होती. आणि नवी टाकी भरायची म्हणजे त्यात काय घालायचं हे या बंदरात लहान पोरालाही माहीत होतं.

समोरच्या आरशात तिला ट्रकच्या मागचे दोन निळे कॅन दिसत होते.

नुसतं समुद्राचं पाणी इथं कुणाला चालत नाही. ते कच्चं, त्यात मासा सोडणं म्हणजे तान्ह्या बाळाला थंड लादीवर ठेवणं, असं लोक म्हणतात. त्याला विरजण लागतं जुन्या पाण्याचं. वर्षानुवर्षं न उपसलेल्या, मासे सुखानं नांदणाऱ्या टाकीतलं पाणी, तेही तळाचं, गाळासकट. आणि अख्ख्या कीलुंगमध्ये वेई काकांच्या पाण्यासारखं जुनं पाणी नव्हतं. अकरा वर्षांचं. वेई काका म्हणजे बंदरातल्या ओढबोटीवरचा निवृत्त इंजिनिअर, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, डोंगरावर एकटा राहणारा. चाळीस वर्षांच्या पाळीची सवय, त्यामुळं पहाटे चारला जागा. म्हणून युएथाओच्या फेरीतलं पहिलं घर त्याचं. सहाच्या आत ती तिथं पोचायची, टाकीचे दिवे लागायच्या आधी तळाशी नळी लावायची आणि दोन कॅन भरून घ्यायची.

अंधारात बाहेर पडतात, तिनंच लीछिंगला सांगितलं होतं. रात्रभराच्या अंधारानंतर, दिवे लागायच्या आधी. किडे पाण्यात सर्वांत जास्त असायची नेमकी ती घटका. दुपारी चारला तेच पाणी घेतलं असतं तर कदाचित काहीच झालं नसतं.

पण वेई काकांच्या माशांवर ठिपका नव्हता. लठ्ठ, चकचकीत मासे. ज्या घरात कुणी आजारी नाही तिथून रोग कसा येईल, असं तिनं स्वतःला विचारलं, आणि विचारतानाच तिला हॅचरीतली अंड्यांवर आलेली कोळंबी आठवली. सगळ्यांत मोठी, सगळ्यांत तजेलदार अशी मादी फोरमन निवडायचा. तिला काही होत नसे. तिची पिल्लं चौथ्या दिवशी तळाला पांढऱ्या पिठासारखी साचायची.

अंदाजावर एकदा बोलून झालं होतं. यावेळी तिनं पुरावा करायचं ठरवलं. पौर्णिमेची मोठी पूजा उरकली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती फंगकडे गेली आणि दोन छोटे निळे मासे मागितले.

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

"तुम्ही कधीपासून मासे पाळायला लागलात?" तो म्हणाला, पण त्याचा चेहरा उजळला. गेल्या चार दिवसांतलं ते पहिलं गिऱ्हाईक होतं. त्यानं पिशव्यांत जास्तीची हवा भरली, दोनदा रबर गुंडाळलं, वर वर्तमानपत्र लपेटलं, प्रवास लांबचा असावा तसं. तिला काहीतरी बोलायला हवं होतं. ती पिशव्या छातीशी धरून निघून आली.

घरी दोन बादल्या. एक स्वयंपाकघरात, तिच्यात तीन आठवडे झाकून ठेवलेलं समुद्राचं पाणी. इतके दिवस मासा मिळाला नाही तर त्यातलं पोहणारं सगळं मरून जातं. दुसरी न्हाणीघरात, तिच्यात वेई काकांचं पहाटेचं पाणी, तळाचं, नेहमीसारखं. मधलं दार बंद. दोन जाळ्या वेगळ्या, एकीकडून दुसरीकडे जाताना हात साबणानं धुवायचे. पाच दिवस ती दोन्ही बादल्यांना एकसारखं खायला घालत राहिली.

एकविसाव्या दिवशी न्हाणीघरातल्या माशाच्या शेपटीवर तीन ठिपके आले. स्वयंपाकघरातला मासा स्वच्छ होता. तिनं खरवड काढली. तेच फिरणं.

आधी तिला आनंद झाला. कोडं सुटल्याचा, डोळा अजून चुकत नसल्याचा तो आनंद होता, आणि तो चांगला मिनिटभर टिकला. मग ती न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसली. दोन्ही मासे फंगकडचेच. त्याच्या हातून आले तेव्हा दोन्ही निर्दोष. रोग चार घरी ज्या हातांनी नेला ते हात तिच्या मांडीवर होते, बोटांच्या पेरांना सुरकुत्या पडलेले.

वेई काकांनी सगळं ऐकून घेतलं, पण खुर्चीतून उठले नाहीत.

"माझे मासे धडधाकट आहेत. आजारी पडतात ते दुसऱ्यांचे. आणि दोष माझ्या पाण्याचा?"

"तुमच्या माशांना सवय झालीये, काका. किडा अंगावर बाळगून ते जगतात. बाकीचे मरतात. कधी ठिपके दिसले होते का? खरं सांगा."

म्हाताऱ्यानं खिडकीबाहेर बघितलं. खाली बंदरावर घारी फिरत होत्या.

"हिवाळ्यात दोन दिवस वीज गेली होती. पाणी गार पडलं. नंतर त्या पिवळ्याच्या अंगावर चार-पाच दिसले. आपोआप गेले."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू दगड उपसले असतेस."

"उपसले असते."

"म्हणूनच." त्यांनी गुडघे चोळले. "युएथाओ, डोंगरावरच्या म्हाताऱ्याला कोण विचारतं? या पाण्यासाठी विचारतात. काका, तुमच्याकडलं दोन बादल्या द्या म्हणतात. ते नको काढून घेऊस. फंगला एकट्याला सांग, हळूच. तो समजूतदार आहे."

"तुमचं नाव घेणार नाही. माझ्या कॅनमधून गेलं, एवढंच सांगेन. पण यापुढं इथलं पाणी कुठं जाणार नाही."

"म्हणजे तेच झालं," वेई काका म्हणाले. त्या दिवशी त्यांनी तिला दारापर्यंत सोडलं नाही.

हळूच सांगणं. उतारावर ब्रेक दाबत येताना ते तिलाही गोड वाटायला लागलं होतं. चारही घरचे मासे तांब्यात सुधारत होते. जुनं पाणी बंद केलं की पाचवं घर आजारी पडणार नव्हतं. लोक दोन महिन्यांत विसरतात. फक्त फंगकडे दोन महिने नव्हते, आणि ते तिनं तिथल्या बंद दिव्यांत बघितलं होतं.

ती आधी लीछिंगला भेटली, दुपारची गर्दी ओसरल्यावर. लीछिंग मासळीचा गोळा मळत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.

"कुणाला बोललात हे?"

"उद्या बोलणार आहे. सगळ्यांना. तूही ग्रुपवर लिही, की फंगचा दोष नव्हता."

"मावशी, ते मी लिहिलंय. माझ्या नावानं. आता मीच परत लिहू की मी खोटं बोलले?"

"खोटं मी बोलले. तू माझं ऐकून लिहिलंस."

"तुमचं काय, तुम्ही दुसऱ्या गावी टाक्या धुवाल. माझी इथं भट्टी आहे. लोक म्हणतील हिच्या दुकानात किडे पडलेलं पाणी आहे. मग सूप कोण खाईल?"

"सूप नळाच्या पाण्याचं आहे."

"ते तुम्हाला माहीत आणि मला माहीत." लीछिंग परत मळायला लागली, जरा जास्तच जोरानं. "फंगला बाजूला घेऊन सांगा. माझ्या दुकानात नको. एवढं ऐका माझं."

चोविसाव्या दिवशी सकाळी युएथाओनं दोन हात लाल कापड आणि शेंगदाण्याच्या वड्यांची पाकिटं घेतली आणि ती फंगच्या दुकानी गेली. आधी तिनं त्याला सगळं सांगितलं, पहाटेच्या कॅनपासून न्हाणीघरातल्या बादलीपर्यंत. वेई काकांचं नाव तेवढं सोडून. फंग ऐकताना एकाच काचेवर फडकं फिरवत होता. तिचं बोलणं संपलं तरी काच पुसणं संपलं नाही.

"आणि हे कापड?"

"जुन्या माणसांची रीत आहे. ज्याचं नाव आपण घालवलं त्याच्या दारावर लाल बांधायचं आणि गल्लीला गोड वाटून कारण सांगायचं."

"भुतांच्या महिन्यात? लोकांना वाटेल मी दुसरी बायको आणली."

"वाटू दे. मी सांगेन ना का बांधलंय ते."

"महिना संपू द्या, ताई. मग बघू."

"महिना संपेपर्यंत तुझं दुकान राहायचं नाही."

 त्यानं स्टूल आणून दिलं. धरलं नाही. ती डगमगत चढली, दारावरच्या दोन खिळ्यांना कापड बांधलं, एक टोक लांब राहिलं ते तसंच लोंबत ठेवलं.

मग ती घरोघर निघाली. पहिल्या दारात तिनं पाच मिनिटं घेतली. किडा, अंधार, गाळ, सगळं समजावलं. चाकूला धार लावणाऱ्या म्हाताऱ्यानं वडी चावत विचारलं, "म्हणजे फंगनं तुमच्यावर केस केलीय का?" दुसऱ्या दारातल्या बाईनं नातवासाठी आणखी एक पाकीट मागितलं. तिसऱ्या दारापर्यंत वाक्य लहान झालं होतं. रोग माझ्या पाण्यातून गेला, फंगचे मासे चांगले आहेत, मी खोटं बोलले. सातव्या दारापर्यंत ते पाठ झाल्यासारखं वाटायला लागलं, आणि तिला भीती वाटली की आता त्याचा त्रास होईनासा होईल. पण त्रास झाला नाही असं एकही दार गेलं नाही. काही जण म्हणाले, जाऊ द्या हो. काहींनी वडी घेतली आणि दार लावलं. दवाखान्यातल्या मुलीनं डॉक्टरांना विचारून सांगितलं की यापुढं टाकीचं काम दुसऱ्या कुणाला देणार. न्हावी म्हणाला, "मला तेव्हाच कळलं होतं," आणि गिऱ्हाइकाकडे वळून ती गोष्ट स्वतःच सांगू लागला.

लीछिंगचं दुकान राहिलं. एवढं ऐका माझं, ती म्हणाली होती. पण फंगचं नाव ज्या टेबलांवर गेलं होतं ती टेबलं हीच होती, आणि दुपारी साडेबाराला त्यांच्यावर बरीचशी तीच माणसं बसलेली होती. युएथाओ दारात उभी राहिली. हळू बोलता येत असतं तरी त्या दिवशी ती हळू बोलली नसती.

पाठ झालेलं वाक्य तिनं तिथंही म्हटलं. कोपऱ्यातून कुणी म्हणालं, "मग आम्ही त्या फंगला उगाच शिव्या दिल्या." दुसऱ्यानं विचारलं, "सूप ठीक आहे ना पण?" लोक हसले.

लीछिंग पातेल्याकडे तोंड करून उभी होती. वळली नाही.

"मागच्या दाराची किल्ली गल्ल्याजवळ ठेवा," ती म्हणाली.

युएथाओनं किल्ली ठेवली. "मासा अजून नऊ दिवस तांब्यात ठेवावा लागेल," ती म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ मोजायचं. कसं ते लिहून ठेवलंय, पिंपावर."

 एका गिऱ्हाइकानं बिल विचारलं, लीछिंगनं त्याला दिलं.

ट्रक धक्क्यापाशी लावून युएथाओ दुपारभर बाकीच्या टाक्यांच्या मालकांचे, आता येऊ नका म्हणणारे फोन घेत बसली. चौदांतल्या सहा उरल्या. मधे फंगचा फोन आला. कापड संध्याकाळी काढू का उद्या, एवढंच त्यानं विचारलं. कापडानं पुढच्या टाकीवर सावली पडतीये म्हणाला. काढ, ती म्हणाली. गिऱ्हाईक आलं का, हे विचारायचं तिच्या तोंडावर आलं होतं, पण तो हक्क आपण कधी गमावला ते तिला नीट माहीत होतं. त्यानंही आपण होऊन सांगितलं नाही.

पाचच्या सुमारास फोन पुन्हा वाजला. लीछिंगकडून एक फोटो. काचेची नळी, मागं रंगांचा कागद, नळी धरलेली पिठाळ बोटं. खाली एक शब्द नव्हता.

युएथाओनं चष्मा पुसला. भटारखान्याच्या पिवळ्या दिव्यात निळा रंग हिरवट दिसत होता. बरोबर असेल, कमीही असेल. अशा उजेडात तिनं आयुष्यात कधी रंग वाचला नव्हता. तिनं बराच वेळ फोन डोळ्यांपासून लांब-जवळ करून बघितला आणि मग एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'खिडकीपाशी धरून पुन्हा काढ. असं सांगता येत नाही.'